३६० अंशी चित्रीकरणाची जोडणी आणि रेंडरचा वेळ

एकाच स्टँडवर बसवलेल्या दोन किंवा अधिक लेन्सनी टिपलेली दृश्ये कडेला कडा जुळवून चहूबाजूंनी पाहता येणारी सलग चित्रफीत तयार करणे, याला स्टिचिंग किंवा जोडणी म्हणतात. आभासी वास्तवाच्या चष्म्यातून पाहायच्या बहुतेक चित्रफिती अशाच तयार होतात. या कामात संगणकाचा वेळ फार जातो. ७६८० × ३८४० आकाराच्या एका फ्रेममध्ये सुमारे २.९५ कोटी पिक्सेल असतात, आणि सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर दहा मिनिटांत अशा १८,००० फ्रेम होतात. प्रत्येकीला एकच सेकंद लागला तरी रेंडर, म्हणजे अंतिम चित्रफीत तयार करण्याचे संगणकाचे काम, पाच तास चालते. दोन्ही डोळ्यांसाठी वेगळे दृश्य हवे असेल तर काम जवळपास दुप्पट होते.

सर्वांत खर्चिक टप्पा बहुधा ऑप्टिकल फ्लोचा असतो. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेबाजाराच्या ऐन गर्दीत कॅमेरा उभा केला, की त्याची गरज लगेच कळते. हातभर अंतरावरून जाणारा घोडा जोडरेषेवर आला, की शेजारच्या दोन लेन्सना तो किंचित वेगळ्या जागी दिसतो. नुसत्या कडा मिसळल्या तर त्याची मान तुटल्यासारखी दिसते किंवा दोनाचे चार कान होतात. ऑप्टिकल फ्लो दोन्ही दृश्यांतील बिंदूंचे सरकणे मोजून मधले दृश्य घडवतो, म्हणून तो महाग पडतो. तोरणमाळच्या कड्यावरून दिसणाऱ्या सातपुड्याच्या रांगा मात्र इतक्या दूर असतात, की कॅमेऱ्याजवळ काही हलत नसेल तर साधी जोडणी पुरते. सगळ्या फुटेजला एकच महागडी पद्धत लावणे हे वेळ वाया जाण्याचे मोठे कारण आहे. त्याहून मोठी बचत क्रम बदलण्यात आहे : कमी आकाराच्या प्रॉक्सीवर (फुटेजच्या हलक्या प्रतीवर) आधी संकलन करावे, शिवणी म्हणजे जोडरेषा तपासाव्यात आणि निवडलेले तुकडेच पूर्ण आकारात जोडावेत.

यंत्रसामग्रीवर खर्च करण्यापूर्वी नेमके काय अडते आहे ते पाहावे. रेंडर चालू असताना ग्राफिक्स कार्ड रिकामे आणि डिस्क शंभर टक्के व्यस्त दिसत असेल, तर नव्या कार्डाने काही साधत नाही; मूळ फुटेज एका एसएसडीवर आणि तयार फाइल दुसऱ्या एसएसडीवर ठेवल्याने फरक पडतो. कार्डाची स्मृती अपुरी पडली, की माहिती मुख्य स्मृतीत ये-जा करू लागते आणि वेग एकदम कोसळतो. एनव्हिडियाच्या बहुतेक कार्डांतील एनकोडर (चित्रफीत आकुंचित करून साठवणारा भाग) एच.२६४ या स्वरूपासाठी ४०९६ पिक्सेल रुंदीपर्यंतच चालतो. त्याहून रुंद चित्रफीत या स्वरूपात मागितली तर तो भार प्रोसेसरवर येतो. अशा आकाराला एच.२६५ हे त्यापुढचे स्वरूप निवडणे योग्य.

जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तापलेले प्रोसेसर आणि कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी वेग आपोआप उतरवतात, त्यामुळे हिवाळ्यात चार तासांत झालेले काम उन्हाळ्यात रेंगाळू शकते. म्हणून लांब रेंडर रात्री लावावे, कॅबिनेटमधली धूळ काढावी आणि वारा खेळता ठेवावा. ज्या गावांत वीज मध्येच जाते, तिथे सलग एक फाइल करण्याऐवजी दोन-दोन मिनिटांचे भाग किंवा चित्रांची मालिका करून घ्यावी. तसे केले तर वीज आल्यावर अर्धवट राहिलेला भाग तेवढाच पुन्हा चालवावा लागतो.