जखम नखाएवढी, आजार जिवावरचा

१९७८ साली अमेरिकेतल्या डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ जेम्स टॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात मुलांच्या एका विचित्र आजाराची नोंद प्रसिद्ध केली. सडकून ताप, अंगभर लाली, जुलाब, बरळणं आणि झपाट्याने उतरणारा रक्तदाब. रक्तात जंतू मात्र मिळेनात. ते सापडले घशात, गळवात, योनिमार्गात : स्टॅफिलोकॉकस ऑरियस. जंतू जागचा हलत नव्हता, रक्तात उतरत होतं त्याचं विष. टॉड यांनी या आजाराला नाव दिलं टॉक्सिक शॉक सिंड्रोम.

एरवी जंतू शिरला की त्याला ओळखणाऱ्या मोजक्याच टी-पेशी (शरीराच्या संरक्षक पांढऱ्या पेशी) जाग्या होतात, दहा हजारांत एखादी. हे विष ओळखीची पायरीच ओलांडतं आणि कधी कधी पाचांतली एक टी-पेशी एकदम खवळून उठते. त्यांच्या रसायनांच्या लोंढ्याने रक्तवाहिन्या सैलावतात, पाझरू लागतात, रक्तदाब कोसळतो.

१९८०मध्ये अमेरिकेत जास्त शोषणाऱ्या टॅम्पॉनमुळे (पाळीत योनिमार्गात ठेवायच्या बोळ्यामुळे) अनेक तरुणींना हा आजार झाला आणि ‘रिलाय’ टॅम्पॉन बाजारातून मागे घ्यावे लागले. तेव्हापासून हा फक्त पाळीशी जोडलेला आजार समजला जातो. हा समज मला घातक वाटतो. चहा सांडून भाजलेलं लहान मूल, शस्त्रक्रियेची ताजी जखम, घोळणा फुटल्यावर नाकात भरलेली पट्टी, कुठूनही सुरुवात होऊ शकते. जखम वरून अगदी स्वच्छ दिसते, हीच फसगत. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसतही नाही. म्हणून जखमेनंतर ताप १०२च्या वर गेला, उलट्या-जुलाब लागले, उभं राहताच भोवळ आली, तर थेट रुग्णालय गाठावं आणि जखमेचं किंवा टॅम्पॉनचं आपण होऊन सांगावं.

तिथे शिरेतून भरपूर सलाइन देतात, टॅम्पॉन किंवा पट्टी काढतात, पू असेल तर निचरा करतात. पेनिसिलिनच्या जातीची औषधं जंतू मारतात, पण विष थांबवायला सोबत क्लिंडामायसिन लागतं, कारण ते जंतूची प्रथिनं बनवण्याची यंत्रणाच बंद पाडतं, आणि विष हे प्रथिनच आहे. स्ट्रेप्टोकॉकस या दुसऱ्या जंतूमुळे होणारा प्रकार याहून क्रूर. त्यात जखमेच्या मानाने वेदना भलतीच असते आणि सडलेला भाग तातडीने कापून काढावा लागतो.

एक-दोन आठवड्यांनी तळहात-तळपायांची सालं निघतात. बऱ्या झालेल्या प्रत्येकाच्या शरीरात या विषाविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे त्याला निकामी करणारी संरक्षक प्रथिनं, तयार होतातच असं नाही. त्यामुळे हा आजार उलटू शकतो. ज्या स्त्रीला तो एकदा झाला, तिने पुन्हा टॅम्पॉन वापरू नये.