कॉफी सोडल्यावरची डोकेदुखी म्हणजे पित्त नव्हे
रत्नागिरी-मालवणकडे कॉफी सोडणाऱ्याचे डोके दुसऱ्या दिवशी ठणकू लागले की ‘पित्त खवळले, कपभर घे’ असा सल्ला हमखास मिळतो, आणि त्या कपाने खरोखरच आराम पडत असल्यामुळे हा समज टिकून आहे. वास्तविक कॅफीन मेंदूत अ‍ॅडिनोसिन या द्रव्याची वाट अडवून धरते. रोजच्या सवयीनंतर ते अचानक थांबले की अ‍ॅडिनोसिनचा प्रभाव वाढतो, मेंदूतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि डोके दुखते. हा त्रास साधारण १२ ते २४ तासांत सुरू होऊन बहुधा २ ते ९ दिवसांत ओसरतो. कॉफीऐवजी कोरा चहा घेणे (ही आमची लाडकी पळवाट) म्हणजे कॅफीन सोडणे नव्हे. कोकम सरबतात मात्र ते नसते. प्रमाण हळूहळू कमी केल्यास डोकेदुखी सहसा सौम्य राहते.