दापोली ते गणपतीपुळे, विमान मोडमध्ये

फोनवर विमान मोड लावा, वाय-फाय बंद करा आणि नकाशाच्या अ‍ॅपकडे दापोलीहून गणपतीपुळ्याचा सायकलमार्ग मागा. अ‍ॅप कामाचं असेल तर मार्ग दाभोळच्या जेटीवर उतरेल, फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडून धोपाव्याला लागेल, गुहागरवरून तवसाळला जाईल आणि दुसऱ्या फेरीबोटीने जयगड गाठेल. नाहीतर ते तुम्हाला आत चिपळूणपर्यंत नेईल आणि महामार्गावर ट्रकांच्या सोबतीला सोडेल, किंवा मार्गच सापडत नाही म्हणेल. ही परीक्षा घरी पाच मिनिटांत होते. खाडीकाठी घ्यावी लागली, तर अख्खा दिवस जातो.

गूगल मॅप्स इथे पहिल्याच फेरीत बाद होतं. त्यात नकाशा उतरवून ठेवता येतो, पण नेट नसताना ते फक्त मोटारीचे मार्ग देतं, सायकलचे आणि पायी जाण्याचे देत नाही. खास सायकलस्वारांसाठी बनवलेल्या काही अ‍ॅपांची अडचण वेगळी असते. मार्ग आखण्याचं काम त्यांच्या सर्व्हरवर होतं, फोनमध्ये येते ती फक्त आखलेली रेषा. तुम्ही रेषेवर आहात तोवर सगळं ठीक. एक वळण चुकलं की नवी वाट काढायला त्यांना नेट लागतं. म्हणून ‘ऑफलाइन चालतं’ या जाहिरातीवर तीन प्रश्न विचारायचे: नकाशा दिसतो का, गावाचं नाव शोधता येतं का, आणि वाट चुकल्यावर नवी वाट फोनमध्येच काढता येते का?

रेंज गेली म्हणजे जीपीएस गेलं, हा समज मात्र चुकीचा आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून संदेश पाठवत असतात आणि फोन ते नुसता ऐकतो, त्याला सिमकार्डाची गरज नसते. पण हे उपग्रह बोलतात फार सावकाश, सेकंदाला अवघे ५० बिट. स्वतः नेमका कुठे आहे ही माहिती प्रत्येक उपग्रह दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो, आणि फोनला ती सलग ऐकू यावी लागते. एरवी फोन हीच माहिती नेटवरून क्षणात उचलतो, म्हणून शहरात ठिपका लगेच दिसतो. रेंज नसलेल्या वाडीत सकाळी फोन सुरू केल्यावर ठिपका यायला मिनिटभर किंवा जास्तही लागू शकतं. अशा वेळी झाडाखाली सायकल हाकत राहिलं की संदेश तुटत राहतो आणि फोन परत पहिल्यापासून ऐकू लागतो. मोकळ्या आभाळाखाली दोन मिनिटं थांबणं हाच त्यावरचा उपाय. उघड्यावर फोनची अचूकता साधारण पाच मीटर असते. घाटात कड्याला खेटून जाताना संदेश खडकावर आपटून येतो, तेव्हा ठिपका रस्ता सोडून दरीत फिरताना दिसला तरी घाबरू नये.

आता नकाशा. बहुतेक ऑफलाइन अ‍ॅपांचा पाया एकच आहे: २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेला आणि जगभरच्या लोकांनी भरलेला ओपनस्ट्रीटमॅप. ऑसमअँड आणि ऑरगॅनिक मॅप्स ही दोन्ही अ‍ॅपं त्यावरच चालतात, त्यामुळे वाडीतला रस्ता एकात नसेल तर दुसऱ्यातही बहुधा नसतो. नकाशा इथे चित्र म्हणून न साठवता रेषा-बिंदूंचा विदा (डेटा) म्हणून साठवलेला असतो, म्हणून अख्खं राज्य फोनच्या एका कोपऱ्यात मावतं. चित्रांच्या चौकटींचा हिशोब याच्या उलट. झूमची प्रत्येक पायरी जवळ जाताना चौकटी चौपट होतात आणि सोळाव्या पायरीवर जगाच्या चौकटी ४०० कोटींच्या पुढे जातात.

दोघांमध्ये निवडायचं तर ऑरगॅनिक मॅप्स सुटसुटीत आहे. त्यात जाहिराती नाहीत, ते झटपट उघडतं आणि सायकलमार्गाचा चढउताराचा आलेखही दाखवतं. ऑसमअँड गुंतागुंतीचं आहे, मेनू पाहून सुरुवातीला वैताग येतो. पण कुठला रस्ता टाळायचा, चढ किती चालेल, आधी आखलेल्या ट्रॅकवरून वळणावळणाच्या सूचना कशा हव्यात, हे त्यात ठरवता येतं. चार-पाच दिवसांच्या प्रवासाला आम्ही ऑसमअँड मुख्य आणि ऑरगॅनिक मॅप्स राखीव ठेवायला सांगू.

खरा फरक पडतो तो वाट शोधण्याच्या गणितात. अ‍ॅप प्रत्येक रस्त्याच्या तुकड्याला एक ‘खर्च’ लावतं आणि बेरीज सर्वांत कमी येईल ती वाट निवडतं. सायकलच्या हिशोबात महामार्ग महाग असतो, गावरस्ता स्वस्त. गोंधळ इथेच होतो. आपल्याकडे नकाशात रस्त्याची रेषा असते, पण तो डांबरी आहे, खडीचा आहे की जांभ्याचा कातळ आहे, याची नोंद बऱ्याचदा नसते. नोंद नसली की अ‍ॅप अंदाज बांधतं, आणि ‘शांत, जवळचा रस्ता’ म्हणून तुम्हाला पाणंदीत घालतं. कोकणात याहून वाईट म्हणजे पाखाडी. पायऱ्यांची ही वाट कुणी नुसती ‘पायवाट’ म्हणून नोंदवली असेल, तर अ‍ॅप तुम्हाला सामानासह तिच्यावरून उतरायला सांगेल. म्हणून आखलेल्या मार्गात तुटक रेषेचा तुकडा दिसला, की तेवढा भाग आधी घरी उपग्रहचित्रावर तपासावा.

फेरीबोटीची चूकही अशीच येते. अ‍ॅप दाभोळऐवजी चिपळूणकडे वळलं, तर आधी सेटिंगमध्ये ‘फेरी टाळा’ चालू आहे का ते पाहा. ते बंद असूनही मार्ग वळत असेल, तर बहुधा बोटीच्या रेषेवर सायकल चालते अशी नोंद नाही, किंवा ती रेषा जेटीच्या रस्त्याला जोडलेलीच नाही. नकाशात दोन्ही टोकं चिकटलेली दिसतात, गणिताला मात्र मध्ये फट दिसते. अशा वेळी अ‍ॅपशी भांडत बसू नये. दापोली ते दाभोळ जेटी हा एक मार्ग, धोपावे ते तवसाळ दुसरा, जयगडपासून तिसरा, असे तुकडे करावेत. बोटीची वेळ जेटीवरच्या फलकावर किंवा गावात विचारून घ्यावी. रेवस-रेडी सागरी महामार्गावरच्या नव्या पुलांबाबतही सावध राहावं. काम चालू असलेला पूल कुणी उत्साहाने ‘सुरू’ म्हणून नोंदवला, तर मार्ग सरळ पाण्यावर जाऊन थांबतो.

चढाचे आकडे पाहून प्रवासाचे दिवस ठरवणाऱ्यांनी ते कुठून येतात हे जाणून घ्यावं. मोफत मिळणाऱ्या उंचीच्या डेटाचा मोठा भाग फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारने मोजला. त्याची चौकट सुमारे ३० मीटरची आहे, म्हणजे तेवढ्या जागेला उंचीचा एकच आकडा. दाट झाडीत ते रडार जमिनीपर्यंत पोचत नाही, वरचा झाडोराच उंची म्हणून नोंदला जातो. घाटातला रस्ता तर जेमतेम सात-आठ मीटर रुंद, एका बाजूला कडा आणि दुसरीकडे दरी. उतार ४५ अंशांचा असेल तर नकाशातली रेषा दहा मीटर बाजूला सरकली तरी उंची दहा मीटरने चुकते. शिवाय एकूण चढ काढताना फक्त वर जाणं मोजतात, म्हणून चुका एकमेकींना खोडत नाहीत, साठत जातात. समजा, २० किलोमीटर सपाट रस्त्यावर दर १०० मीटरला उंची आलटूनपालटून ३ मीटर वर आणि ३ मीटर खाली दिसली, तर कागदावर ३०० मीटरचा खोटा चढ तयार होतो. दोन अ‍ॅपांचे आकडे जुळत नाहीत याचं हे एक मोठं कारण आहे. एकूण बेरजेपेक्षा आलेखातले लांब चढ पाहा. पाच किलोमीटरमध्ये ३०० मीटर, म्हणजे सरासरी ६ टक्के, हा आकडा बराच भरवशाचा असतो.

अँड्रॉइडवर ऑसमअँडला बीराउटर हे मार्ग काढणारं मोफत साधन जोडता येतं. त्याचा ‘ट्रेकिंग’ नावाचा सायकलचा हिशोब मजेशीर आहे: तो दंड लावतो चढाला नव्हे, उताराला. तीव्र उतारावर कमावलेली उंची ब्रेकमध्ये जळून जाते, म्हणून गमावलेल्या प्रत्येक मीटरला ६० मीटर सपाट रस्त्याइतका खर्च तो धरतो. सौम्य उतार, जिथे सायकल आपोआप पळते, तो फुकट. सामान लादून चालवणाऱ्याला हा हिशोब लगेच पटेल.

शेवटी मार्ग स्वतः आखून जीपीएक्स, म्हणजे मार्ग साठवण्याच्या, फाइलमध्ये ठेवणंच बरं. त्या फाइलमध्ये ‘रूट’ आणि ‘ट्रॅक’ असे दोन प्रकार असतात. रूटमध्ये मोजकेच बिंदू असतात आणि मधली वाट अ‍ॅप आपल्या मनाने काढतं. ट्रॅकमध्ये सगळी रेषाच असते. ट्रॅकच घ्या, आणि फाइल लहान करण्याच्या नादात बिंदू गाळू नका, नाहीतर घाटाची वळणं सरळ होतात. जेट्या, पाण्याच्या जागा, मुक्काम आणि सायकल दुरुस्तीची दुकानं खुणा करून ठेवा, कारण गावाचं इंग्रजी स्पेलिंग नकाशात कसं केलंय ते ऐनवेळी सापडत नाही. बोलून सूचना हव्या असतील तर सूचना बोलणारा आवाजही आधी फोनमध्ये डाउनलोड करून ठेवा. घरी तो नेटवरून येत असतो, घाटात अ‍ॅप मुकं होतं.

बॅटरी खातो तो पडदा, जीपीएस नव्हे. पडदा बंद ठेवून फक्त आवाज ऐका आणि विमान मोड लावा, कारण रेंज शोधत बसणारा फोन लवकर संपतो. त्याच वेळी बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमधून नकाशाचं अ‍ॅप वगळा, नाहीतर पडदा बंद होताच फोन त्यालाही झोपवतो आणि ट्रॅकची नोंद मध्येच तुटते. १०,००० एमएएचच्या पॉवरबँकेतून फोनला प्रत्यक्षात सहा-साडेसहा हजार मिळतात, म्हणजे ५,००० एमएएचचा फोन एकदा पूर्ण आणि वर थोडासा. पावसात ओला पडदा बोटाचं ऐकत नाही आणि थेंबांनी भलतीच बटणं दाबली जातात. फोन पारदर्शक पिशवीत घालून पडदा लॉक करा, आणि दिवसभराची वळणं एका चिठ्ठीवर लिहून हँडलला चिकटपट्टीने लावा.