थंड, दुर्गम बेटांवरील तणनिर्मूलन

दक्षिण महासागरातील मॅक्वेरी, मॅरियन, गॉफ, साउथ जॉर्जिया यांसारख्या बेटांवर माणसाबरोबर पोचलेल्या परक्या वनस्पती शोधणे, त्यांना बी धरू न देणे आणि मातीत पडलेले बी संपेपर्यंत त्याच जागी पुन्हा पुन्हा जाणे, या सगळ्या कामाला मिळून तणनिर्मूलन म्हणतात. रोप मारणे हा यातला सोपा भाग. मातीतला बियांचा साठा मात्र वर्षानुवर्षे उगवत राहतो. जिथे जहाज वर्षातून एकदाच येते तिथे इतकी वर्षे चिकाटीने काम चालू ठेवणे हीच खरी अडचण असते.

पुणेकराला याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. गाजरगवत तण म्हणून भारतात नजरेत भरले ते पुण्यातच, १९५५ च्या सुमारास, कचऱ्याच्या ढिगांवर. ढिगापुरते होते तोवर ते खुरप्याने संपले असते. आज शहरातला एकही पडीक प्लॉट त्यावाचून सापडणे कठीण. कॅलिफोर्नियातील तणमोहिमांच्या नोंदींचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एक हेक्टरपेक्षा लहान प्रादुर्भाव बहुधा समूळ काढता आल्याचे दिसले. हजार हेक्टरांपुढे मात्र ते जवळपास अशक्य ठरले. बेटावर हिशोब याहून कडक असतो, कारण तिथे माणसे मोजकी आणि हंगाम आखूड.

या बेटांवर सर्वाधिक पसरलेले तण म्हणजे पोआ अ‍ॅन्युआ हे बुटके, मऊ गवत. पानाचे टोक होडीच्या नाळेसारखे वर वळलेले, कोवळ्या पानावर आडव्या सुरकुत्या आणि रंग स्थानिक गवतापेक्षा फिका, पोपटी: ओळखायला एवढे पुरे. अनुकूल हवेत सहा ते आठ आठवड्यांत ते बी देते आणि स्वपरागणाने फळत असल्यामुळे एकटे रोपही वसाहत उभी करू शकते. पेंग्विनांच्या वस्त्यांभोवतीची आणि सीलच्या लोळणीची जागा म्हणजे त्याच्यासाठी आयते खत घातलेले वाफे. मॅक्वेरीवर त्याच्याबरोबर स्टेलारिया मीडिया आणि सेरास्टियम फॉन्टॅनम ही दोन तणे आहेत. मॅरियनवर १९६५ मध्ये नोंदलेले सॅजिना प्रोकम्बेन्स हे त्याहून अवघड प्रकरण आहे. ते शेवाळाच्या गादीसारखे वाढते, त्याचे बी धुळीएवढे बारीक असते आणि खडकाच्या फटीत ते डोळ्यांना दिसतही नाही. शेजारच्या प्रिन्स एडवर्ड बेटावर माणसांचा वावर अगदी नगण्य, तरी १९९७ मध्ये ते तिथेही सापडले.

काम सुरू होते ते शोधापासून. चार-पाच माणसे एका रांगेत, एकमेकांपासून पाच मीटरवर, हातात जीपीएस घेऊन चालतात. रोप सापडले की खुणेची काठी रोवतात आणि जागेची नोंद करतात. सापडलेले रोप तिथल्या तिथे उपटायचा मोह आवरावा लागतो, कारण नोंद न करता उपटलेली जागा पुढच्या वर्षी कुणालाच सापडत नाही आणि खाली पडलेले बी मात्र तिथेच असते.

उपटण्याची पद्धत आपल्याकडच्या खुरपणीपेक्षा वेगळी. फुलोऱ्यावर आलेल्या रोपाची बोंडे किंवा लोंब्या आधी कात्रीने कापून पिशवीत घालतात. मग रोपाभोवती सुमारे दहा सेंटीमीटरचे रिंगण आखून मुळांसकट मातीचा गोळा उचलतात आणि दुसऱ्या पिशवीत भरतात. शेतात उपटलेले तण बांधावर टाकायची सवय असते. इथे ते चालत नाही, कारण पोआ अ‍ॅन्युआचे बी उपटलेल्या रोपावरही पिकते. काम नेहमी स्वच्छ कडेकडून दाट भागाकडे सरकते. उलट केले तर बुटाला चिकटलेले बी बाहेरच्या मोकळ्या जमिनीत पेरले जाते. उताराच्या जागी खालचा ओहोळही तपासतात.

दाट प्रादुर्भावावर पाठीवरच्या पंपाने ठिपका फवारणी, म्हणजे फक्त तणावर नेमकी फवारणी करतात. ४१ टक्क्यांच्या ग्लायफोसेट या तणनाशकाचे नेहमीचे प्रमाण लिटरला १० ते २० मिलि असते, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला १५० ते ३०० मिलि. द्रावणात निळा रंग मिसळतात, म्हणजे कुठे फवारले ते कळते. फसते ते प्रमाणात नाही, हवामानात. ग्लायफोसेट पानातून मुळाकडे उतरायला रोप जोमाने वाढत असावे लागते. पाच-सहा अंश तापमानात ते अर्धझोपेत असते, त्यामुळे पाने पिवळी पडायला आठवडे लागतात आणि अननुभवी माणूस औषध लागलेच नाही असे समजून पुन्हा फवारतो. फवारणीनंतर काही तास तरी कोरडे जावे लागतात, आणि मॅक्वेरीवर तर वर्षातले तीनशेहून अधिक दिवस पाऊस किंवा बर्फ पडतो. वाऱ्याने थेंब उडून शेजारच्या स्थानिक वनस्पतीवर गेले तर ती रिकामी झालेली जागाही तणच पटकावते. गढूळ पाणी वापरले तर ग्लायफोसेट मातीच्या कणांना चिकटून निकामी होते. ही चूक आपल्या शेतातही सर्रास होते.

फक्त गवतवर्गीय वनस्पती मारणारी औषधे वापरावीत असे पटकन सुचते. पण या बेटांचे स्थानिक रूपही उंच झुबक्यांच्या गवतावरच उभे आहे, त्यामुळे त्यांचा उपयोग जागा पाहूनच करावा लागतो.

सॅजिनाविरुद्धची सगळ्यात चिकट लढाई गॉफ बेटावर झाली. केपटाउनपासून अडीच हजार किलोमीटरहून दूर असलेल्या या ६५ चौ. किमी. बेटावर दक्षिण आफ्रिकेचे हवामान केंद्र आहे. १९९८ मध्ये हे तण सापडले ते या केंद्राच्या परिसरात, कड्याच्या माथ्यावर. तणनाशक, उकळते पाणी आणि माती खडकापर्यंत खरवडून काढणे अशा तिन्ही मार्गांनी काम झाले. कड्यावरची रोपे काढायला माणसे दोराला लटकली. उकळते पाणी रोप लगेच मारते, पण थंड, पाण्याने भिजलेली माती उष्णता शोषून घेते आणि दोन-चार सेंटीमीटरखालचे बी सुखरूप राहते. म्हणूनच माती खरवडणे भाग पडले. पुढच्या उन्हाळ्यांत खडकाच्या खाचांतून नवी रोपे डोके वर काढत राहिली.

सोडून दिल्यावर काय होते ते अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर दिसले. पोलंडच्या अर्क्तोव्स्की स्थानकाच्या आवारात पोआ अ‍ॅन्युआ १९८५–८६ मध्ये आढळले. पुढे हिमनदी मागे सरून उघड्या पडलेल्या जमिनीवरही ते पोचले, आणि पद्धतशीर उपटणी सुरू व्हायला २०१४ नंतरचा काळ उजाडला.

चरणारे प्राणी आधी काढायचे की तण, या क्रमावरून अनेक मोहिमा अडल्या. साउथ जॉर्जियात नॉर्वेच्या देवमासेमारांनी १९११ मध्ये रेनडियर आणले होते. शतकानंतर ते काढण्यात आले. आजवर कुरतडली जाऊन खुरटी राहिलेली तणे अशा वेळी एकदम उंच होतात, म्हणून रेनडियर गेल्यावर तणांवर खर्च वाढवावा लागला. मॅक्वेरीवर ससे आणि उंदीर संपल्याचे २०१४ मध्ये जाहीर झाले. तिथे काही ठिकाणी उलटा फायदा झाला: स्थानिक झुबकेगवत पुन्हा वाढले आणि त्याच्या सावलीत पोआ अ‍ॅन्युआ मागे हटले. आधी सांगता येत नाही असा हा भाग आहे, त्यामुळे अनुभवी लोक प्राणी काढण्याआधी तणांचा नकाशा तयार ठेवतात.

गाजरगवतावर १९८४ पासून सोडलेला मेक्सिकन भुंगा पावसाळ्यात पाने फस्त करतो. तसा कीटक या बेटांवर सोडत नाहीत. इतक्या थंडीत त्याची पिढी पूर्ण होणे कठीण, आणि स्थानिक गवतेही तणाची जवळची नातेवाईक असतात.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे बी जहाजावर चढूच न देणे. २००७–०८ च्या उन्हाळ्यात अंटार्क्टिकाला जाणाऱ्यांचे कपडे आणि सामान तपासले, तेव्हा माणशी सरासरी साडेनऊ बिया निघाल्या. नोव्हेंबरात सिंहगड चढून आलेल्या कुणाचेही मोजे पाहिले की त्यात नवल वाटत नाही: कुसळे विणीत आरपार घुसलेली आणि लेसच्या गाठीत आघाड्याचे बी. ही उष्ण प्रदेशातली बियाणी तिकडे तग धरणार नाहीत. खरा धोका हिमालयातून आलेल्या बुटांचा. भारतीय अंटार्क्टिक मोहिमेच्या सदस्यांचे बर्फावरचे प्रशिक्षण औलीला होते, आणि पोआ अ‍ॅन्युआ हिमालयात सर्वत्र उगवते. परके जीव तिकडे नेण्यावर अंटार्क्टिकाच्या पर्यावरणरक्षणासाठीच्या माद्रिद करारनाम्याने (१९९१) बंधने घातली आहेत, आणि भारताचा अंटार्क्टिक कायदा २०२२ चा आहे.

सामान बांधताना बूट आधी कोरडे असतानाच ब्रशने साफ करावेत, कारण ओला चिखल बी आत दाबतो. तळव्याच्या खाचा सुईने किंवा टाचणीने मोकळ्या कराव्यात, नंतर धुवावेत. वेल्क्रो पट्ट्या, खिशांचे कोपरे, कॅमेऱ्याच्या बॅगेचा तळ आणि ट्रायपॉडचे पाय व्हॅक्युम क्लीनरने साफ करावेत. वेल्क्रोतले बी चिमट्याने एकेक ओढावे लागते. व्हॅक्युमची पिशवी उघडून न झटकता तशीच जाळावी.