पार्श्वभूमी : लिनक्सवरच्या टपालाला इतके हात का लागतात

सोलापुरात टॉवेल-चादरीचा धंदा असलेल्या घरात एखादा जुना कॉम्प्युटर असतोच. विंडोज त्याला झेपेना झालं की इंजिनिअरिंगला असलेलं घरातलं पोरगं त्यावर लिनक्स टाकून देतं. मग पार्ट्यांच्या ऑर्डरी, सुताची बिलं, डिझाइनचे फोटो असलेल्या मेल लावून ठेवायची वेळ येते आणि माणूस चक्रावतो. मेल आणणारा प्रोग्राम वेगळा, वाटणारा वेगळा, दाखवणारा वेगळा, पाठवणारा वेगळा. असं का?

मूळ युनिक्समध्ये आहे, म्हणजे लिनक्स ज्याच्या धर्तीवर बेतलं त्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यावर, एका यंत्रातून दुसऱ्यात निरोप धाडला, त्याच सुमारास युनिक्सवरही मेलची सोय आली. तेव्हाचं यंत्र बारा महिने चालू आणि अनेकांत मिळून एक. टपाल थेट त्याच्याच डिस्कवर येऊन पडे, आणायला कुठं जावं लागत नसे. बाहेरच्या यंत्रांकडे मेल पोचवायचे, एसएमटीपी नावाचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिले. एरिक ऑलमन यांच्या सेंडमेल या प्रोग्रामने ते काम उचललं. त्याची सेटिंगची फाइल बघून मात्र भल्याभल्यांना घाम फुटायचा.

घरचा कॉम्प्युटर कधी चालू, कधी बंद. विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं तेही आधी महानगरांत. आपल्याकडे ते आलं तेव्हा लाइन जोडायची, मेल उतरवून घ्यायच्या आणि बिल वाढायच्या आत लाइन तोडायची, असा प्रकार. त्यासाठी सर्व्हरवरच्या मेल आपल्याकडे उतरवून घ्यायची पॉप नावाची पद्धत होतीच. १९९६ मध्ये एरिक रेमंड यांनी मेल ओढून आणणारा फेचमेल हा प्रोग्राम काढला. आलेल्या मेल नियम लावून वेगळ्या करायला प्रोकमेल, वाचायला मट. म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या यंत्रासाठी बेतलेली व्यवस्था घरी आणताना जिथं अडलं तिथं एकेक तुकडा जोडत गेले.

ठेवायचं कशात, हा खरा गमतीचा भाग. जुन्या एमबॉक्स पद्धतीत सगळ्या मेल एकाच लांबलचक फाइलमध्ये. 'फ्रॉम' आणि मोकळी जागा अशी सुरू होणारी ओळ आली की नवी मेल सुरू झाली असं समजायचं. मग मजकुरातच कुणी इंग्रजीत 'फ्रॉम सोलापूर बाय रोड' अशी ओळ लिहिली तर? तिच्या आधी प्रोग्राम गुपचूप एक बाणासारखं चिन्ह घालतो. जुन्या मेलमध्ये मध्येच दिसणारे ते बाण इथून आलेत.

दुसरी अडचण आपल्या भागाला जास्त जवळची. फाइलमध्ये लिहिणं चालू असताना लाइट गेली तर शेवटची मेल अर्धवट राहायची, कधी पुढची यादीच बिघडायची. भारनियमनाच्या वर्षांत हे काही पुस्तकी संकट नव्हतं. डॅनियल बर्नस्टाइन यांनी आपल्या क्यूमेल या मेल सर्व्हरसाठी आखलेल्या मेलडिर पद्धतीत दर मेलला स्वतंत्र फाइल. ती आधी 'टेंप' (tmp) या फोल्डरमध्ये पूर्ण लिहायची, मग 'न्यू' (new) मध्ये सरकवायची, पाहिली गेली की 'कर' (cur) मध्ये. लाइट गेलीच तर अर्धवट फाइल 'टेंप'मध्ये पडून राहते, बाकी टपालाला धक्का नाही. माझ्या मते घरी साठा ठेवायचा तर मेलडिरच. थंडरबर्ड या मेल वाचायच्या प्रोग्रामचं पहिलं पूर्ण व्हर्जन २००४ च्या डिसेंबरात आलं, पण तो मेल ठेवायला पुढंही एमबॉक्सच धरून राहिला.

त्याच वर्षी १ एप्रिलला जीमेलने १ जीबी जागा देऊ केली आणि मेल उतरवून घ्यायची घाईच संपली. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या आयमॅपमध्ये मूळ मेल सर्व्हरवरच राहते, त्यामुळे फोन आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे तीच यादी दिसते. पाठवण्याचं म्हणाल तर स्वतःचा सर्व्हर घरून चालवायच्या भानगडीत पडू नये. सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार, म्हणजे पोर्ट २५, घरच्या जोडणीवरून बहुतेक ठिकाणी बंद असतं, आणि बदलत्या इंटरनेट पत्त्यावरून आलेली मेल समोरचा सर्व्हर बहुधा नाकारतो. म्हणून पोस्टफिक्स हा मेल पाठवणारा प्रोग्राम घातला तरी त्याने मेल पोर्ट ५८७ वरून मेल सेवा देणाऱ्याच्याच सर्व्हरकडे सोपवायची. जीमेलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांना नुसत्या नेहमीच्या पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रामांना आत घेणं थांबवायला सुरुवात केली. तेव्हापासून जुन्या फेचमेलच्या सेटिंगच्या फाइलीत ॲप पासवर्ड, म्हणजे अशा प्रोग्रामसाठी खात्यातून काढलेला वेगळा पासवर्ड, टाकावा लागतो.