शेवटच्या ब्लॉकमधली रिकामी जागा

एकेक केबीच्या दहा हजार फायली असलेला, जेमतेम 10 एमबीचा फोल्डर 64 जीबीच्या पेनड्राइव्हवर टाकला आणि सव्वा जीबी जागा गेली, की घरोघरी एकच निदान होतं: व्हायरस! मग कुठलं तरी ‘क्लीनर’ अ‍ॅप उतरवलं जातं. ही डिजिटल अंधश्रद्धाच आहे. इथे व्हायरसचा संबंध नाही, साधा गुणाकार आहे.

फाइल सिस्टिम, म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे याचा हिशेब ठेवणारी व्यवस्था, डिस्कवरची जागा सुट्या बाइटमध्ये देत नाही, एका ठरलेल्या मापाच्या ब्लॉकमध्ये देते. विंडोजमध्ये यालाच क्लस्टर म्हणतात. एक ब्लॉक सहसा एकाच फायलीचा. फाइल त्यात मावून जागा उरली, तरी ती जागा दुसऱ्या फायलीला मिळत नाही. विंडोजवर 32 जीबीहून मोठा ड्राइव्ह एक्सफॅट या पेनड्राइव्ह-कार्डांसाठीच्या फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट केला, तर क्लस्टर आपोआप 128 केबीचा ठरतो. दहा हजार गुणिले 128 केबी म्हणजे 1,250 एमबी. ब्लॉक 4 केबीचा असता, तर हेच काम सुमारे 39 एमबीत झालं असतं. मोठ्या फायलींचंही शेवटच्या ब्लॉकमध्ये सरासरी अर्धा ब्लॉक नुकसान होतंच. म्हणून किती जागा वाया जाणार हे फायली किती मोठ्या आहेत यापेक्षा किती आहेत यावर ठरतं.

मग ब्लॉक अगदी छोटा का ठेवू नये? कारण वेळ. मिनिटाला 7,200 फेऱ्या घेणाऱ्या हार्ड डिस्कची एक फेरी 8.3 मिलिसेकंदांची. डेटा वाचणारा हेड योग्य जागी सरकायचा आणि तबकडी फिरून हवा तो भाग त्याच्याखाली यायचा, यात साधारण 12 मिलिसेकंद जातात. 4 केबी प्रत्यक्ष वाचायला मात्र 0.03 मिलिसेकंदही पुरतात. 1 एमबीची फाइल 4 केबीच्या 256 ब्लॉकमध्ये विखुरली असेल, तर तीन सेकंद. 64 केबीच्या 16 ब्लॉकमध्ये असेल, तर सेकंदाचा पाचवा भाग.

या ओढाताणीतून काढलेली एक वाट मला फार आवडते. युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा ब्लॉक सुरुवातीला 512 बाइटचा होता, आणि डिस्कच्या क्षमतेच्या फक्त 2 टक्के वेग हाती लागायचा. बर्कली विद्यापीठातल्या मॅक्युसिक, जॉय, लेफ्लर आणि फॅब्री यांनी 1984 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात याची मोजमापं आहेत. ब्लॉक 1,024 बाइटचा करताच वेग दुपटीहून वाढला. 4,096 केला असता तर आणखी वाढला असता. पण तिथल्या फायलींमध्ये जेवढा डेटा होता, त्याच्या 45.6 टक्के इतकी जागा फुकट गेली असती. 512 ला हाच आकडा 6.9 होता.

त्यांनी ब्लॉक 4,096 चाच घेतला, पण त्याचे 1,024 बाइटचे चार तुकडे पाडायची मुभा ठेवली. समजा फाइल 9,500 बाइटची आहे. दोन पूर्ण ब्लॉकमध्ये 8,192 बाइट जातात, उरतात 1,308. त्यांना दोन तुकडे मिळतात, आणि त्याच ब्लॉकमधले उरलेले दोन तुकडे दुसऱ्या फायलीच्या शेपटीला देता येतात. मोकळ्या जागेचा नकाशा तुकड्यांच्या हिशेबाने ठेवलेला, वाचन-लेखन मात्र शक्य तिथे पूर्ण ब्लॉकचं. फाइल वाढली आणि शेजारचा तुकडा मोकळा नसला, तर शेपूट उचलून दुसरीकडे हलवायची. चार तुकडे भरले की तिचा पूर्ण ब्लॉक होतो. फाइल थोडी थोडी वाढत राहिली तर ही हलवाहलव महाग पडते, म्हणून प्रोग्रामना ब्लॉकचं माप कळवून एकदम ब्लॉकभर लिहायला लावलं. नुकसान 1,024 च्या ब्लॉकइतकंच, म्हणजे 12 टक्क्यांच्या आसपास राहिलं. वेग आणि बचत दोन्ही साधणारी इतकी नेमकी युक्ती क्वचितच दिसते.

आज लिनक्सची ईएक्सटी4 ही फाइल सिस्टिम ‘या ब्लॉकपासून पुढचे इतके’ अशी सलग पट्ट्यांची नोंद ठेवते आणि जागा वाटण्याआधी थोडं थांबते, त्यामुळे 4 केबीचे ब्लॉकही एकमेकांना लागून बसतात. एसएसडीत, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या ड्राइव्हमध्ये, तर हेडच नाही. तेव्हा ‘64 केबीने फॉरमॅट करा, वेग दुप्पट’ असं छातीठोक सांगणाऱ्या व्हिडिओंवर विश्वास ठेवू नका. मोठा ब्लॉक मोठ्या फायलींना शोभतो: चित्रीकरणाचं कार्ड, डेटाबेसची डिस्क. मराठी मजकुराच्या फायली तशा नसतात. यूटीएफ-8 या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं, तरीही बारा ओळींची कविता 4 केबीच्या एका ब्लॉकमध्ये आरामात मावते.

एक्सफॅटच्या पेनड्राइव्हवर अशा हजारो कविता न्यायच्या असतील, तर आधी त्यांची झिप फाइल करा. मग अर्धवट भरलेला ब्लॉक असलाच तर एकच असेल.