रेडिओचा कान अन् गाडीचा कॉम्प्युटर

नागपूरले बर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात "दहा के चा पॉट द्या" (म्हणजे दहा हजार ओहमचा पोटेन्शिओमीटर, नॉब पिळला की रेझिस्टन्स बदलणारा) म्हटलं की दुकानदार विचारते, लिनियर (सारखा बदलणारा) की लॉग (आधी हळू, मग झपाट्यानं बदलणारा). आवाजासाठी लॉग, बाकी कामाला लिनियर. पण गाडीच्या ईसीयूले, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरले, लावायचा आहे म्हटलं की तो आधी आपल्या तोंडाकडे पाहते, कारण त्याच्या डोक्यात पॉट म्हणजे रेडिओचा कान, पिळला की आवाज वाढला. खरं म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरले पॉट जोडायची आयडिया कोण्या जुगाडू पोराची नाही, कंपन्यांनीच आधी जोडून दिले होते.

कार्बोरेटरच्या जमान्यात मिक्श्चर, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण, मिस्त्रीच्या हातात असायचं. गाडी रेसवर ठेवायची, कान देऊन ऐकायचं, स्क्रू पाव आटा इकडे नाहीतर तिकडे. मग १९६७ साली बॉश कंपनीचं डी-जेट्रॉनिक (पेट्रोल इंजेक्शनची सिस्टीम) फोक्सवॅगन १६०० वर आलं, पेट्रोल किती टाकायचं ते ट्रान्झिस्टरचा डबा ठरवायला लागला. तरी त्यातल्या बऱ्याच डब्यांवर एक छोटा नॉब होताच, आयडलचं (रेस न देता इंजिन नुसतं चालू असते तेव्हाचं) मिक्श्चर कमी-जास्त करायला. म्हणजे जुना स्क्रूच, फक्त त्याचा पॉट झाला.

नंतरच्या एल-जेट्रॉनिकमध्ये तर हवा मोजायचं कामच पॉटकडे. आत येणारी हवा एक झडप ढकलते, झडपेच्या दांड्याला पॉटचा ब्रश, ब्रश ट्रॅकवर सरकला की व्होल्टेज बदलते. साधं काम, पण गाडी रोज त्याच स्पीडनं चालली तर ब्रश ट्रॅकच्या त्याच जागी घासत राहते, तिथं ट्रॅक खराब होते अन् गाडी तेवढ्याच जागी झटके मारते. जुने मिस्त्री मग झाकण उघडून ब्रश थोडा बाजूच्या कोऱ्या जागेवर सरकवायचे. कंपनीनं सांगितलेला इलाज नव्हे, पण चालायचा.

कॉम्प्युटरले पॉट आवडण्याचं कारण लै लोकांना माहीत नसते. ईसीयू पॉटला स्वतःचेच ५ व्होल्ट देते अन् परत आलेलं व्होल्टेज त्याच ५ शी तोलून पाहते, त्यामुळे ते ५ थोडे वरखाली झाले तरी उत्तर तेच येते. थ्रॉटलचा (एक्सलेटर दाबला की इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचा) सेन्सर म्हणूनच वर्षानुवर्षं पॉट राहिला. सिग्नल साधारण ०.५ ते ४.५ च्या मधातच ठेवतात, काऊन की सरळ ० किंवा ५ आलं तर कॉम्प्युटर समजते वायर तुटली.

मिक्श्चरचा नॉब गेला तो लॅम्डा सेन्सरमुळे. सायलेन्सरकडचा हा सेन्सर जळल्यानंतर उरलेला ऑक्सिजन पाहते अन् कॉम्प्युटर स्वतःच दुरुस्ती करते, व्होल्वोच्या गाडीत तो १९७६ च्या सुमारास आला. लॅम्डा नसलेल्या गाड्यांमध्ये सीओ (धुरातला कार्बन मोनॉक्साइड) सेट करायचा पॉट पुढंही बरीच वर्षं राहिला. आपल्याकडं १९९८ ची सँट्रो अन् त्यानंतरच्या एमपीएफआय (दर सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) गाड्यांनी मिस्त्रीच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून स्कॅनर दिला.

मग सुरू झाली खोटं बोलायची कला. कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा) सेन्सर म्हणजे गरम झालं की रेझिस्टन्स कमी होणारा, बॉशचा नेहमीचा घेतला तर २० डिग्रीला अडीच के अन् ८० ला तीनशे ओहमच्या वर थोडासा. त्याच्या वायरीत पॉट सिरीजमध्ये टाकला की कॉम्प्युटरला वाटते इंजिन थंड आहे, तो पेट्रोल वाढवते. माझ्या एका मित्रानं पिकअपसाठी हेच केलं, डिसेंबरात मस्त वाटलं बाप्पा. लॅम्डा चालू झाला की तो जास्तीचं पेट्रोल पुन्हा कापते, म्हणजे फायदा अर्धा तसाच गेला, ते जाऊ द्या. मे महिन्यात अमरावती रोडवर वाडीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी उकळली. रेडिएटरचा पंखा त्याच सेन्सरवर चालत होता ना! कॉम्प्युटरच्या हिशोबात इंजिन अजून तापलंच नव्हतं, अन् बाहेर ४५ डिग्री.

मला विचाराल तर पॉट वाईट नाही, तो सेन्सरच्या वायरीत घुसवणं वाईट. त्याला वेगळं इनपुट द्या अन् कॉम्प्युटरला सांगा की या नॉबचा अर्थ काय. ही सोय आधी रेसच्या महागड्या ईसीयूत होती, घरच्या लोकांपर्यंत आली ती २००१ च्या मेगास्क्वर्टमुळे. ब्रूस बाउलिंग अन् अल ग्रिपो या दोन अमेरिकनांनी हा स्वतः सोल्डर करायचा ईसीयू काढला, अन् त्याच्यासोबत टेस्टिंगचा एक छोटा बोर्डही, ज्याच्यावर आरपीएम, थ्रॉटल, कूलंट सगळ्यासाठी एकेक पॉट. गाडीशिवाय टेबलावरच इंजिन चालवून पाहा. असल्या ईसीयूत मोकळ्या ॲनालॉग इनपुटवर नॉब जोडून टर्बोचा बूस्ट (इंजिनात दाबून भरलेल्या हवेचं प्रेशर) ठरवता येते, जुन्या डी-जेट्रॉनिकच्या नॉबचाच तो नातू. फक्त दहा के च्या दोन्ही टोकांना १.२ के चे रेझिस्टर टाकायचे, म्हणजे नॉब पूर्ण पिळला तरी व्होल्टेज ०.५ अन् ४.५ च्या आसपास थांबते, वायर तुटल्याचा गैरसमज होत नाही.

कंपन्या मात्र पॉटपासून दूर चालल्या. एक्सलेटरची केबल गेली, पेडलमध्ये दोन ट्रॅक आले, बऱ्याच गाड्यांत दुसऱ्याचं व्होल्टेज पहिल्याच्या बरोबर अर्धं, दोघांचं जमलं नाही की इंजिन रेस घेत नाही. आता तर पुष्कळ पेडलांत ट्रॅकच नाही, चुंबक अन् त्याला न शिवता ओळखणारा हॉल सेन्सर, घासायला काही उरलंच नाही.

तरी ईसीयू रिपेअर करणाऱ्यांच्या टेबलावर पॉटच आहेत. पेडलची नक्कल करायला एका दांड्यावर दोन पॉट लागतात, दुसऱ्याचं व्होल्टेज रेझिस्टर लावून अर्ध्यावर आणायचं. बर्डीवर त्याला स्टिरिओ पॉट म्हणतात. तो मागितला की दुकानदार काहीच विचारत नाही, त्याला वाटते भाऊ घरी ॲम्प्लिफायर बनवून राहिला.